सतरा नंबरच्या बॅगा

कारखान्याच्या जिन्याशी नातीनं लावलेल्या तक्त्यावर बारा दिवसांत तीन नावं चढली होती, आणि तिन्ही घरचीच. एक तिचं स्वतःचं, एक तिच्या वडिलांचं, एक काकाचं. त्यातलं काकाचं काकाला न विचारता. खाली चाळीस रकाने कोरे. मोठ्या बाई वर जेवायला जाताना रोज त्या तक्त्यापाशी थांबायच्या. दम लागला म्हणून थांबल्यासारखं दाखवायच्या आणि रकाने बघून घ्यायच्या. दुसरीत शाळा सुटलेली, अक्षरं आजही एकेक करून गोळा करावी लागत; पण कोरा रकाना वाचायला शाळा कशाला लागते?

शुक्रवारचं दुपारचं जेवण सगळ्यांनी कारखान्याच्या वरच्या खोलीत एकत्र घ्यायचं, हा दंडक कारखान्याला एकदा आग लागली, त्याच्या पुढच्या वर्षापासूनचा. त्याचं कारण मोठ्या बाईंनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "भांडायचं तर भरल्या ताटावर भांडा. तोंडात घास असला की निम्मे शब्द आतच राहतात."

आज घासांचा काही उपयोग होत नव्हता.

"सोमवारी ते लोक येणार," नात म्हणाली. तिच्या ताटातलं काहीच हललं नव्हतं. "आपला निम्मा माल एकटी ती कंपनी उचलते. त्यांनी स्पष्ट विचारलं होतं, तुमचे कामगार दुसऱ्यांसाठी काय करतात. मी कळवून बसले. महिन्यातला एक शनिवार सगळे वृद्धाश्रमात जातात, भिंती रंगवतात, म्हाताऱ्यांची पडेल ती कामं करतात, ज्याला वाटेल तो एका दिवसाची मजुरीही देतो."

"जातील म्हणून कळवलंस, की जातात म्हणून?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"जातात म्हणून."

"छान. मूल नाही आणि बारशाची घाई."

"सदरे मात्र आलेत हं," मोठ्या बाईंचा धाकटा मुलगा म्हणाला. "पिवळेधमक. पाठीवर हसरं तोंड. माझा पोटावर अडतो. म्हणजे मी सेवा करायची ती श्वास रोखून."

"तू काय करतोस ते तुझ्या बुडालेल्या गालिच्यांच्या धंद्यात सगळ्यांनी बघितलंय," थोरल्यानं मान वर न करता त्याला गार केलं. मग मुलीकडे वळला. "आणि तुझी गोडीगुलाबी आता पुरे. मी आज फर्मान काढतो. शनिवारी जो येणार नाही, त्याची वर्षअखेरची बक्षिसी बंद. संध्याकाळच्या आत तक्ता भरतो की नाही बघ."

"बाबा, मग ती सेवा कसली? ती हजेरी झाली!"

"हजेरी तर हजेरी. त्यांना आकडा हवाय."

मोठ्या बाईंनी पाण्याचा घोट घेतला. थोरल्याचं हे बोलणं त्यांना आवडलं नाही, आणि त्यातून ते आपल्याच तोंडचं वाटलं, म्हणून जास्तच आवडलं नाही. "मारूनमुटकून वैद्य करता येतो," त्या म्हणाल्या. "दाता करता येत नाही. पोरीचं बरोबर आहे."

नातीचा चेहरा उजळला. धाकट्यानं लगेच आपलं वजन आईच्या पारड्यात टाकलं. "मीही तेच म्हणत होतो."

"तू सदऱ्याबद्दल बोलत होतास," थोरला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणापासूनचं होतं ते. भांडणात एकटा पडला की आधी कान लाल, मग आवाज खाली. "तुम्हाला वाटतं आपले लोक साधेभोळे, लाजतात, म्हणून नाव लिहीत नाहीत. थांबा. दाखवतोच."

तो उठला, कोपऱ्यातल्या कपाटातून तीन प्रवासी बॅगा काढल्या आणि ताटं सरकवून जेवणाच्या टेबलावर आदळल्या. एकेकीची चेन ओढली, अस्तर बाहेर काढलं, आणि कोपऱ्यात शिवलेली नखाएवढी कापडी पट्टी बोटानं दाखवली.

"सतरा. सतरा. हीसुद्धा सतरा. या आठवड्यातल्या. आणि सतरा नंबर सात आठवडे मशीनवर बसलेला नाही. बायको इस्पितळात आहे, तो तिच्या उशाशी आहे. मी काल स्वतः हजेरी बघितली. माणूस तिकडे, आणि बॅगा इकडे तयार होतायत! मुकादमाच्या नाकाखाली. नाकाखाली कशाला, मुकादमच करतोय हे." मग तो बायकोकडे वळला. "हजेरीची वही तुझ्याकडे असते. तुला कसं दिसलं नाही?"

थोरली सून ताटात वाढून घेत होती. तिचा हात थांबला नाही. "दिसलं," ती एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांत ती या टेबलावर जेवढं बोलली असेल, तेवढं धाकटा एका जेवणात बोलत असे, त्यामुळे ते कोणी मनावर घेतलं नाही.

"आज संध्याकाळी दोघांनाही काढतो," थोरला म्हणाला. "सतरालाही आणि मुकादमालाही. सोमवारी पाहुण्यांनी एखादी बॅग उघडून विचारलं, हा सतरा नंबर कुठे बसतो, तर काय दाखवू? रिकामी खुर्ची?"

"बाबा, त्याची बायको आजारी आहे."

"म्हणून खोटा नंबर घालायचा? नियम आजीचा आहे, माझा नाही. सांग आई. ज्याचा हात, त्याचा नंबर. तूच केलास ना?"

सगळ्या नजरा मोठ्या बाईंकडे वळल्या. आता त्यांच्या तोंडून काय निघतं त्यावर एका माणसाची चूल पेटायची की विझायची ते ठरणार होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

"नियम माझाच," मोठ्या बाई म्हणाल्या.

नाही कसं म्हणणार? याच नियमावर एका मशीनचा कारखाना झाला होता. त्या मशीनवर त्या स्वतः बसायच्या, आणि पहिल्या बॅगेच्या अस्तरात त्यांनी स्वतःच्या हातानं 'एक' शिवला होता. नाव लिहिता येत नव्हतं, आकडा येत होता. बॅग फाटली तर गिऱ्हाईक आकडा बघून सांगेल, शिवणारीण तोंड लपवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि याच नियमापायी बावीस वर्षांपूर्वी त्यांनी नऊ नंबरला घालवलं होतं. चौदा नंबर बाळंत झाली होती आणि नऊ नंबर गुपचूप तिच्या नंबरच्या बॅगा शिवत होती. मोठ्या बाईंनी टाका ओळखला. नऊ नंबरला खाली सगळ्यांसमोर उभं केलं, रडू दिलं, बोलू दिलं नाही, आणि दुपारच्या आत बाहेर काढलं. त्या दिवसापासून कारखान्यात त्यांचा वचक बसला, असं त्या अभिमानानं सांगत आल्या होत्या.

"मुकादमाला वर बोलाव," त्या धाकट्याला म्हणाल्या.

मुकादम आला. साठीचा, किडकिडीत, कानामागे खडू, खिशाला टोचलेल्या सुया. मिसरूड फुटायच्या आधी या कारखान्यात आला होता. टेबलावरच्या बॅगा बघितल्या आणि त्यानं कानामागचा खडू काढून खिशात ठेवला. काम संपल्यावर ठेवतो, तसा.

"या सतरा नंबरनं शिवल्या?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सतरा नंबरच्या आहेत."

"मी काय विचारलं?"

"तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर तुमच्या हातातच आहे, मोठ्या बाई. मला कशाला विचारता?"

थोरला उसळला. "बघितलंस? उर्मटपणा!"

"गप बस," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांनी ताट बाजूला केलं, हात पुसले, पहिली बॅग उलटी करून मांडीवर घेतली आणि डोळे मिटून शिवणीवरून अंगठा फिरवला. डोळ्यांवर त्यांचा पूर्वीसारखा भरवसा उरला नव्हता. अंगठा अजून खोटं बोलत नव्हता.

"ही सहा नंबर. डावखुरी. कोपऱ्यावर बॅग उलट्या बाजूनं फिरवते, म्हणून दोरा इथे पिळतो." त्यांनी दुसरी घेतली. "हा एकवीस. याचा पाय जड. सरळ रेषेत घोडा उधळतो आणि कोपरा आला की लगाम खेचतो."

मुकादम जमिनीकडे बघत होता.

तिसऱ्या बॅगेवर अंगठा शिवणीच्या टोकाला पोचला आणि थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा थांबला. शिवण संपताना दोरा सुटू नये म्हणून उलटे टाके घालतात. मोठ्या बाईंनी सगळ्यांना तीन शिकवले होते. चाळीसच्या चाळीस जण तीनच घालत. इथे चार होते.

चार टाके घालणारं आख्ख्या जगात एकच माणूस त्यांना ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिला त्यांनी मशीनवर बसवलं होतं, आणि "तुझी शिवण सुटते, तुझी शिवण सुटते" असं इतकं टोचलं होतं की पोरगी धास्तीनं एक टाका जास्त घालायला लागली. मग थोरल्यानं तिला कचेरीत नेऊन बसवलं. मालकाची बायको मशीनवर शोभत नाही म्हणून.

मोठ्या बाईंनी डोळे उघडले. समोर थोरली सून बसली होती. पानावरचं तिचं संपलेलं होतं, हात कोरडे पडले होते, पण ती उठली नव्हती.

"ही कोणाची, आई?" थोरल्यानं विचारलं. "सांग ना. तिघांनाही काढतो."

उभ्या आयुष्यात कोणाला उघडं पाडायला मोठ्या बाईंना दोन क्षण लागले नव्हते. आज लागले.

"माझी आहे," थोरली सून म्हणाली.

धाकट्याच्या हातातला चमचा ताटात पडला.

"तुझी?" थोरल्यानं विचारलं. "तू... मशीनवर? कधी?"

"मंगळवारी. तू बँकेत गेला होतास तेव्हा. प्रत्येकानं एकच शिवायची असते. माझी पाळी मंगळवारी होती." तिचा आवाज हिशेबाची वही वाचून दाखवताना असतो तसाच सपाट होता. "काढतोस मला?"

"आई, तू मला का नाही सांगितलंस?" नात कळवळून म्हणाली. "मी बारा दिवस त्या जिन्याशी उभी राहून लोकांच्या विनवण्या करतेय!"

"तू विचारलंस, शनिवारी येता का. कोणी काही करतं का, ते तू विचारलंच नाहीस."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. निम्मं मुकादम बोलला, निम्मं थोरली सून. कोणाच्या घरी दुखणं आलं, कोणी पडलं, कोणी बाळंत झालं की त्याच्या नंबरच्या बॅगा बाकीचे शिवायचे. जेवणाच्या सुटीत, चार घास कमी खाऊन. म्हणजे नगावरची मजुरी त्याच्या घरी जात राहायची. कोणी किती शिवल्या याची नोंद कुठेही नाही. कोणाकोणाच्या हातच्या, ते ज्याच्यासाठी शिवल्या त्यालाही सांगायचं नाही. परत आला की त्याला वाटेत अडवून उपकाराची आठवण द्यायची नाही. आणि या बॅगा मुकादम स्वतः दुप्पट कडक तपासायचा.

"आपल्या नंबरवर डाग लागला तर आपला आपण धुवावा," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या नंबरवर डाग लावायचा हक्क कोणाला? परवा अकरा नंबरची दोनदा उसवायला लावली मी. रडकुंडीला आला गडी."

"हे कधीपासून चाललंय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मुकादमानं थोरल्या सुनेकडे बघितलं. तिनं मान डोलावली.

"नऊ नंबर गेली तेव्हापासून. ती एकटी शिवायची म्हणून सापडली. एका हाताच्या चार बॅगा आल्या की तुम्ही ओळखता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. म्हणून मग एकेकानं एकच. आणि तुम्ही रोज दहा बॅगा तपासायला घेता ना, त्या ढिगात मी त्या कधी जाऊ दिल्या नाहीत."

बावीस वर्षं. मोठ्या बाई म्हणायच्या, माझ्या कारखान्यात सुई पडली तरी मला कळतं. आणि त्यांच्या नाकासमोरून बावीस वर्षं बॅगा जात होत्या. सुनेला माहीत होतं, दारावरच्या शिपायालाही माहीत असणार.

"मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं?"

"मला नव्हतं," धाकटा म्हणाला.

"तुला ठाऊक असतं तर गावाला ठाऊक झालं असतं."



"म्हणूनच कोणाकडे शनिवार शिल्लक नाही," नात सावकाश म्हणाली. तक्त्यावरचे कोरे रकाने तिला आत्ता वाचता येत होते. मग एकदम खुलली. "पण आजी, हेच तर दाखवायचं सोमवारी! याच्यापुढे माझे पिवळे सदरे काय..."

"दाखवलंत तर आम्ही बंद करू," मुकादम शांतपणे म्हणाला. "सतरा नंबर ताठ माणूस आहे. त्याच्यासाठी लोक उपाशी बसले असं तक्त्यावर लागलं, तर तो पुन्हा पायरी चढणार नाही."

"म्हणजे लपवायचं!" थोरल्याला पुन्हा आवाज सापडला. तो बायकोकडे बघत नव्हता. "आणि उद्या एखादी बॅग फाटून परत आली तर? सतराला विचारायचं? तो म्हणेल मी शिवलीच नाही. मग जबाब कोण देणार? माझं एवढंच म्हणणं आहे, आई. मी काही राक्षस नाही."

म्हणणं खोटं नव्हतं. मोठ्या बाईंना ते मान्य करावं लागलं, मनातल्या मनात का होईना. त्यांनी चार टाक्यांची ती बॅग पुन्हा मांडीवर ओढली. नऊ नंबरबद्दल आपण चुकलो, असं या टेबलावर, या सगळ्यांदेखत म्हणायला जीभ वळत नव्हती. ती तशी घडलेलीच नव्हती.

"सतरा नंबर राहील," त्या म्हणाल्या. "मुकादमही राहील. आणि बॅगा शिवायच्या त्या जेवणाच्या सुटीत नाहीत. जेवण झाल्यावर, कामाच्या वेळेत. रोज अर्धा तास."

"कामाच्या? अर्धा तास कोणाचा बुडणार मग?" थोरल्यानं विचारलं.

"आपला. आजवर त्यांनी आपल्या तोंडचा घास काढून दिला. आता आपल्या तोंडचा जाऊ दे. तुम्हा दोघांची पोटं सुटलीयत तेवढी." मग नातीकडे वळून, "तू सोमवारी खरं सांगायचंस. शनिवारी अजून कोणी गेलेलं नाही, मी उतावीळपणे लिहिलं. कारखाना रोज अर्धा तास अडलेल्या माणसाला देतो, तो माणूस कोण ते विचारू नका. एवढं सांग. पटलं तर माल घेतील."

"आणि वृद्धाश्रमाची भिंत?"

"तक्त्यावर नावं कोणाची आहेत? त्यांनी रंगवायची. सदरेही आलेत."

धाकट्यानं पोटाकडे बघून सुस्कारा टाकला.

"आणि जबाब?" थोरल्यानं विचारलं. आता त्याचे कान निवले होते.

"अशा बॅगेत नंबरच्या पट्टीखाली दुसरी पट्टी शिवायची. एक. एक नंबर कोणाचा?"

"तुझा."

"मग फाटली तर मला विचारतील."

थोरल्यानं आईकडे बघितलं, मग तिच्या कबुलीनंतर पहिल्यांदाच बायकोकडे. तिनं तिसरी बॅग त्याच्यापुढे सरकवली. तो शिवणीच्या टोकावर बोट ठेवून टाके मोजायला लागला.

मोठ्या बाईंना वाटलं, मिटलं. पण मुकादम दारातच उभा होता. खडू पुन्हा कानामागे गेला होता.

"मोठ्या बाई, एक अडचण आहे."

"आता काय?"

"ज्याचा हात, त्याचा नंबर. एक नंबर लावायचा तर एक नंबरनं निदान एक तरी शिवायला हवी. नुसता नंबर कसा लावणार? नियम तुमचा आहे."

असं तोंडावर बोललेला माणूस या जिन्यावरून पायांनी उतरला नव्हता. मोठ्या बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, मग टेबलाला रेटा देऊन उभ्या राहिल्या.

"कुठलं मशीन मोकळं आहे?"

"सतराचं आहे," मुकादम म्हणाला. "आणि नऊचं."

"नऊचं? ते कधीच दुसऱ्या कोणाला दिलं असेल ना?"

"नाही दिलं. थोरल्या मालकांना सांगितलं होतं, त्याचा पट्टा सारखा उतरतो म्हणून. उतरत नाही. महिन्याला तेल घालतो मी."

मोठ्या बाई कठडा धरून जिना उतरल्या. तक्त्यापाशी थांबल्या नाहीत. खाली सुटी चालू होती. डबे उघडे होते, आणि चार-पाच मशीनं चालूही होती. त्यांना बघताच ती एकेक करून बंद पडली. डावखुऱ्या सहा नंबरनं मांडीवरची बॅग झाकायचा प्रयत्न केला.

"झाकू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "आधी जेव. मग शिव."

नऊ नंबरच्या खुर्चीवर त्या बसल्या. चाकाला हात लावला, लोण्यासारखं फिरलं. दोरा ओवताना तीनदा चुकला, नातीनं पुढे केलेला हात त्यांनी झटकला, चौथ्यांदा ओवला. कापलेली बॅग कोणीतरी आणून दिली. त्यांनी पायडल दाबलं. कोपरे आले, गेले. टोकाला त्यांनी तीन उलटे टाके घातले, थबकल्या, आणि चौथा घातला. पट्टी शिवली, सतरा. तिच्याखाली एक.

मुकादमानं बॅग उजेडाकडे नेली. अस्तर उलटं केलं. शिवणीवरून बोट नेलं, परत आणलं. सगळी माणसं बघत होती. जिन्यावर थोरला, धाकटा, आणि थोरली सून.

"मोठ्या बाई," तो म्हणाला, "दुसऱ्या कोपऱ्याशी रेघ सरकलीय. बोटभर."

"मग?"

"सतरा नंबरवर ही जाणार नाही. उसवावी लागेल."

मोठ्या बाईंनी बॅग त्याच्या हातातून ओढून घेतली. कोपरा अंगठ्याखाली धरला. रेघ सरकलेली होती, बोटभरच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला.

"नऊ नंबर आता कुठे राहते," त्या खालमानेनं म्हणाल्या, "ते मला हे झाल्यावर सांग. आणि कात्री दे. छोटी."

मुकादमानं कात्री दिली. त्यांनी पहिला टाका उसवला.